दर्ग्यावर खिदमतीला बसायचं असेल तर

दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, असरची (दुपार कलल्यावरची) नमाज झाली की आमच्या दर्ग्याच्या ओट्यावर तीन वस्तू मांडल्या जातात: प्लास्टिकची खुर्ची, पाण्याचं स्टीलचं पिंप आणि दोनशे पानी वही. खुर्ची माझी नाही, गुडघे धरलेल्यांची आहे. मी चटईवर बसते. मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, बारा-पंधरा घरची माणसं येऊन जातात. कुणाला झोप नाही, कुणाचा मुलगा सहा महिने बोललेला नाही, कुणाच्या सुनेच्या अंगात येतं. उमरेडच्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेला लहानसा दर्गा आहे, नाव नाही सांगत. गर्दी आम्हाला झेपत नाही.

गेल्या उरुसापासून पाच-सहा जणांनी मला एकच विचारलं, "आपा, मलाही हे शिकायचंय. किती दिवसांचं असतं?" एका पोराने तर सर्टिफिकेट मिळतं का तेही विचारलं. बी.कॉम. झालेला, हुशार. त्याला चपला सांभाळायला बसवलं. तो अजून येतो, म्हणून त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहायला घेतलं.

मी कामठीची. घरात उर्दू, शाळेत मराठी, नोकरीत दोन्ही. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते, त्यातली एकोणीस मानसिक रुग्णांच्या वॉर्डात. रिटायर झाल्यावर चटईवर आले. खाली लिहिलंय ते आमच्या दर्ग्याचं आहे. दुसरीकडे रीत वेगळी असेल, तिथे तिथली पाळा.

आधी कोण कोण असतं ते समजून घ्या

बाहेरून येणाऱ्याला दर्ग्यावरचा प्रत्येक टोपीवाला 'बाबा' वाटतो. बाबा फक्त एकच, ते मजारीत, म्हणजे कबरीत, आहेत. बाकी सगळ्यांची कामं वाटलेली असतात.

मुजावर, काही ठिकाणी खादिम म्हणतात, हे मजारीची रोजची सेवा करणारं घराणं. झाडलोट, चराग म्हणजे दिवे, गलेफ म्हणजे मजारीवरची चादर, फुलं, आलेल्यासाठी फातेहाची दुआ. हे पिढीजात चालतं. आमच्याकडे दोन भावांत महिन्या-महिन्याची पाळी आहे. मुतवल्ली म्हणजे वक्फ (धर्मादाय दिलेल्या) मिळकतीचा कारभारी. जमीन, दुकानांचं भाडं, दानपेटी, वीजबिल, वक्फ बोर्डाला द्यायचा हिशेब. त्याला दुआ-तावीजातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. आमचे मुतवल्ली सिमेंटचे व्यापारी आहेत, पाच रुपयांचीही पावती ठेवतात, आणि मला त्यांचा फार आधार वाटतो. हे काम बाईसुद्धा करू शकते, कायद्याची आडकाठी नाही. सज्जादानशीन म्हणजे बुजुर्गांच्या गादीचा वारस. लहान दर्ग्यांवर बहुतेक वेळा नसतो. पीर किंवा मुर्शिद तो, ज्याच्या हातात हात देऊन माणूस बैअत होतो, म्हणजे शिष्य व्हायची शपथ घेतो. आणि खलिफा तो, ज्याला त्याच्या पीराने पुढे बैअत घ्यायची परवानगी दिली. त्याच्याकडे शिजरा असतो, म्हणजे कुणाचा मुरीद (शिष्य) कोण अशी नावांची माळ.

ही पद्धत फार जुनी. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांनी निवडक मुरिदांना खिलाफत, म्हणजे ही परवानगी, दिली. त्यांच्याच मुरिदांपैकी बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले, १३३७ साली गेले, आणि त्यांची मजार आपल्या खुलताबादेत आहे. दौलताबाद-वेरूळ बघून परत फिरणारे पुष्कळ मराठी लोक त्या दारावरून जातात, आत जात नाहीत. जमलं तर जा. खिलाफतीसाठी अर्ज करायचा नसतो. मागणाऱ्याला ती देऊ नये असा जुना दंडक आहे आणि तो मला पटतो.

उरलो आम्ही खिदमतगार, म्हणजे सेवेकरी. आम्हाला ना गादी, ना पगार, ना हिस्सा. सध्या पंधरा जण आहोत, त्यात चार हिंदू. भंडाऱ्याच्या एक काकू वीस वर्षं उरुसाचा मलिदा करतात आणि कुणालाही परातीला हात लावू देत नाहीत.

हा पसारा आधी सांगितला त्याला कारण आहे. एका दर्ग्यावर मुजावरांच्या पुतण्याने हळूहळू स्वतःलाच पीर म्हणवून घ्यायला सुरुवात केली. हिरवा साफा आला, अंगठ्या आल्या, मग अकराशे रुपयांत बैअत आली. लोक विचारेनात, कारण मुजावर आणि पीर यातला फरकच कुणाला ठाऊक नव्हता. म्हणून तुम्ही जिथे शिकायला जाल तिथे पहिल्याच आठवड्यात विचारा: पेटीची किल्ली कुणाकडे, हिशेब कोण बघतं, दम करणाऱ्याला, म्हणजे पढून फुंकर घालणाऱ्याला, इजाजत (परवानगी) कुणी दिली? प्रश्नांना उत्तराऐवजी डोळे मिळाले तर दुसरा दर्गा बघा.

पहिले तीन चांद: चपला, पाणी, झाडू

नव्या माणसाला आम्ही तीन चांद, म्हणजे तीन चांद्रमहिने, चटईजवळ बसू देत नाही. पहिला महिना चपला. पोरं तोंड वाकडं करतात. पण वॉर्डात ज्या गोष्टी शिकायला मला दोन वर्षं लागली, त्या चपलांच्या ढिगाजवळ महिन्याभरात येतात.

मागच्या श्रावणातली गोष्ट. एक म्हातारी सुनेला घेऊन आली. ओट्यावर चढायच्या आधीच सुरू झाली, "आपा, इले बाहेरचं लागलं. आठवा महिना अन् डोळ्यापुढे चमकते म्हणते, डोकं धरून बसते, काल दातखीळ बसली." सून गप्प. मी वहीत मागच्या माणसाचं लिहीत होते. तेवढ्यात आमचा बी.कॉम. चपला सोडून वर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "आपा, तिच्या चपलेचा पट्टा पायात रुतलाय. काढल्यावर पण खड्डा तसाच आहे." मी उठून बघितलं. घोट्यावर अंगठा दाबला, खळगा पडला तो भरेचना. चेहरा सुजलेला, बांगड्या घट्ट. गरोदरपणात रक्तदाब वाढला की हे असं होतं. त्यात झटके येतात, आणि त्या झटक्यांत आई आणि मूल दोघं जाऊ शकतात. सासूला मी 'तुमचं चुकलं' म्हटलं नाही. म्हटलं, "फातेहा मी करते, तुम्ही गाडीत बसा." १०८ ला फोन केला. सीझर झालं, मुलगी झाली. म्हातारी आजही सांगते की बाबांनी वाचवलं. सांगू दे. त्या दिवशी पोराला मी चपलांवरून पाण्याच्या पिंपावर घेतलं.

पाण्याचं काम म्हणजे आलेल्याला बसवायचं, ग्लास द्यायचा आणि गप्प राहायचं. माणूस ग्लास कसा धरतो ते बघा. हात थरथरतो का, एका घोटात संपवतो का, ग्लास आधी हुंगून बघतो का. पाण्यात कुणी काही घातलंय असं वाटणारा माणूस पिणारच नाही, आणि ही गोष्ट तो मला कधीच सांगणार नाही.

झाडू फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर. त्याबद्दल काय सांगायचं, झाडायचं. मात्र लोबान कमी जाळा. दमेकरी बाई धुरात घुसमटली की लोकांना वाटतं हाजिरी भरली, म्हणजे अंगात आलं.

पढणं आणि इजाजत

इथे फार घाई होते, म्हणून थोडक्यात आणि स्पष्ट सांगते. खिदमतीला बैअत लागत नाही. पाणी द्यायला, ऐकायला, दवाखान्यात सोबत जायला कुठलाच मजहब लागत नाही. दम करायला मात्र इजाजत लागते.

दम म्हणजे कलाम पढून फुंकर घालणं. आमच्याकडे सूरे फातेहा, आयतुल कुर्सी आणि शेवटचे दोन, फलक आणि नास, एवढंच पढतात. उच्चार हाफिजसाहेबांकडून, म्हणजे कुराण पाठ असलेल्यांकडून, पक्के करून घ्यायचे, यूट्यूबवरून नाही. माझे मुर्शिद शिवणकाम करायचे. त्यांनी मला चाळीस दिवसांचा चिल्ला दिला होता: फजरनंतर अकरा दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), एकेचाळीस वेळा फातेहा, पुन्हा अकरा दरूद, जागा एकच, वेळ एकच. मधे माझ्या तीन नाइट ड्युट्या आल्या. मी विचारलं, चालेल का वॉर्डात पढलं तर? म्हणाले, "पेशंट उठला तर पढणं सोडून त्याच्याकडे जायचं. आणि मोजणी पहिल्यापासून." दोनदा पहिल्यापासून मोजावं लागलं. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी इजाजत दिली, तीही फक्त दम करायची. तावीज लिहायची नाही दिली. मी आजही लिहीत नाही, कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणते.

माझ्या सख्ख्या भावाला यातलं काहीच मान्य नाही. त्याच्या मते मजारीवर मागणं हेच शिर्क, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं. ईदेला शीरखुर्मा पितापिता दर वर्षी आमचा वाद होतो. नव्या माणसाने हे धरून चालावं की घरचेच लोक विरोध करतील, दोन्ही बाजूंनी. एक म्हणतील अंधश्रद्धा, दुसरे म्हणतील बिदअत, म्हणजे धर्मात घुसवलेली नवी रीत.

करोनानंतर आम्ही तोंडावर फुंकर घालणं बंद केलं. माणसाने घरून आणलेल्या बाटलीचं झाकण उघडायचं, बाटलीवर दम करायचा, झाकण त्यानेच लावायचं. आणि इथून पुढे जे करायचं, त्यालाच मी खरी हिकमत मानते: त्याच पाण्याने गोळी घ्यायला सांगायची. "सकाळची गोळी या पाण्याने, रात्रीची या पाण्याने, बाटली संपली की पुढच्या जुम्मेरातीला या." वॉर्डात आम्ही गोळी देऊन तोंड उघडायला लावायचो. इथे बाटली रिकामी आली की निम्मी खात्री होते. उरलेली निम्मी गोळ्यांचं पाकीट बघून.

चटईवर बसल्यावर

वहीत पाच रकाने आहेत: तारीख, गाव, किती दिवसांपासून, कुठली औषधं, आपण काय सांगितलं. नाव लिहीत नाही. 'कावरापेठेतल्या मावशी' एवढं पुरतं, वही कुणाच्याही हातात पडू शकते.

पहिला प्रश्न कधीही "काय त्रास आहे?" असा विचारू नका. लगेच घरचा मोठा माणूस बोलायला लागतो आणि आजारी माणूस खाली बघतो. मी विचारते, "जेवून निघालात की तसेच?" मग झोप. रात्री किती वाजता डोळा लागतो, किती वाजता उघडतो, उघडल्यावर काय करता. मग कधीपासून. "दिवाळीच्या आधी की नंतर, कापूस निघाला तेव्हा कसं होतं?" तारखा कुणाला आठवत नाहीत, पिकं आठवतात. मग औषधं. पिशवी उलटी करायला सांगा. निम्म्या घरांत गोळ्या असतात आणि बंद केलेल्या असतात.

त्या बंद का करतात हे समजल्याशिवाय तुम्ही कामाचे नाही. वेडाच्या म्हणतात त्या गोळ्यांचा पूर्ण असर दिसायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडणं, झोप येणं, हात थरथरणं मात्र पहिल्याच दिवशी. दर्ग्यावर उलटं असतं. येऊन रडलं, लोबानचा वास घेतला, कुणी तासभर ऐकून घेतलं, त्याच संध्याकाळी हलकं वाटतं. मग घरचे हिशेब मांडतात: गोळीने त्रास झाला, दर्ग्याने बरं वाटलं. हा हिशेब आपल्या बाजूने लागतो आणि म्हणूनच तो आपणच मोडायचा असतो.

मी तो एकदा मोडला नाही. नवी होते, रिटायर होऊन वर्ष झालं असेल. एका बापाला मी मुलाबद्दल म्हटलं, "होईल बरा, इन्शाअल्ला." एवढंच. गोळ्या चालू ठेवा हे म्हणायचं राहिलं, मला वाटलं ते तर माहीतच असणार. त्याने घरी जाऊन सांगितलं, आपा म्हणाल्या बरा होईल, आणि गोळ्या बंद केल्या. दीड महिन्याने मुलगा रात्री घरातून निघून गेला, चार दिवसांनी बल्लारशाच्या स्टेशनवर सापडला, पायाला जखमा. चौतीस वर्षं नर्स असलेल्या बाईने केलेली चूक आहे ही. तेव्हापासून पाचव्या रकान्यात 'गोळी चालू' हे दोन शब्द लिहिल्याशिवाय दुसऱ्या माणसाला बोलवायचं नाही असा नेम आहे. माझ्यासकट सगळ्यांना.

दवाखान्याचं नाव काढलं की माणसं बिचकतात, त्यात 'पागलखाना' म्हटलं की उठूनच जातात. त्यांना मी आमच्या कामठीच्याच बाबांची गोष्ट सांगते. ताजुद्दीन बाबा १८६१ चे. फौजेत होते, सागरला. तिथे वृत्ती पालटली, नोकरी सुटली, लोक वेडा म्हणू लागले आणि १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. सोळा वर्षं ते तिथे होते. लोक तिथेच दर्शनाला जायचे. १९०८ मध्ये रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं. १९२५ ला ते गेले, आणि ताजबागला आज किती गर्दी लोटते ते नागपूरकराला सांगायला नको. "ज्या दारातून बाबा आत गेले, त्या दाराची तुम्हाला लाज?" एवढं विचारलं की पुष्कळदा माणूस चिठ्ठी घेतो. ही गोष्ट सांगून कुणाची गोळी बंद करायची नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. "बाबाही वेडे नव्हतेच ना" असं म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला म्हणायचं, तुमचा मुलगा बाबा असेल तर गोळीने त्याची करामत जाणार नाही.

मिरगीचं वेगळं सांगते, कारण दर्ग्यावर ती समोरच येते. मागे उरुसाच्या संदलच्या, म्हणजे मजारीला चंदन लावायच्या, रात्री नगाऱ्यासमोर एक पोरगा कोसळला. दोघं त्याच्यावर बसले, एकजण चप्पल नाकाशी लावायला धावला, एका बाईने चमचा आणला. आमच्या खिदमतगारांतल्या दोन मुलींनी काय केलं ते पाठ करा. एकीने घड्याळ बघितलं आणि मोठ्याने वेळ सांगितली. दुसरीने लोकांना बाजूला केलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली, कॉलरचं बटण उघडलं, झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवलं. तोंडात काही घातलं नाही, दाबून धरलं नाही, पाणी पाजलं नाही. तीन मिनिटांत थांबलं. पाच मिनिटांच्या वर गेलं, शुद्धीवर यायच्या आत दुसरा झटका आला, बाई गरोदर असली किंवा डोक्याला मार लागला तर १०८, वाट बघायची नाही.

साप चावला, कुत्रं चावलं, तापात लेकरू लुळं पडलं, छातीत दुखतंय: ही माणसं चटईपर्यंत येताच कामा नयेत. पिंपावर बसलेल्यानेच गाडीत घालायची. भाताच्या हंगामात सापाचे दोन-तीन तरी येतात. पाय बांधू नका, कापू नका, हलू देऊ नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणि जिवाचं बरंवाईट करण्याचं मनात येतं का, हे विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मी थेट विचारते, "बेटा, मरावंसं वाटतं का?" पुष्कळदा पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असतं. हो म्हटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते घरच्यांना विचारायचं आणि कुलपात ठेवायला लावायचं, आणि तिथे बसूनच १४४१६ लावायचा. टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रमजानमध्ये एक जास्तीचं काम असतं. आजारी माणसाला रोजा नंतर भरून काढायची सवलत कुराणातच आहे, तरी लोक हट्टाने धरतात आणि गोळ्या चुकवतात. लिथियम (मनाच्या आजारावरचं एक औषध) घेणाऱ्याला तर उन्हाळ्यातला रोजा धोक्याचा. अंगातलं पाणी कमी झालं की औषध रक्तात साचतं. अशाला रोज्याआधीच डॉक्टरकडे पाठवा, तो सहरी-इफ्तारच्या हिशेबाने बदल करून देईल किंवा रोजा नको म्हणेल.

जे करायचंच नाही

"कुणी केलंय?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. लोक नाव काढून घ्यायलाच येतात. जाऊ, शेजारीण, बांधावरचा भाऊबंद. तुम्ही नुसतं "जवळचंच कुणीतरी" म्हटलं तरी त्या रात्री त्या गावात कुणीतरी मार खातं. मी म्हणते, "ते शोधायला आपण बसलो नाही. झोपेचं बोला."

मारायचं नाही, बांधायचं नाही, मिरचीची धुरी द्यायची नाही, केस ओढायचे नाहीत, उपाशी ठेवायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत काढायच्या नावाखाली यातलं काही केलं, कुणाला करणी करणारी ठरवलं, साप-कुत्रं चावलेल्याला दवाखान्यापासून अडवलं, तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड. दुआ, जियारत म्हणजे मजारीचं दर्शन, उरूस यांना तो हात लावत नाही. आमच्यातले काही जण या कायद्यावर रागावून असतात. मला तर तो आमची ढाल वाटतो. कुणी म्हटलं "बांधा त्याला", की मी कायदा दाखवते आणि बाप गप्प होतो.

साखळीचं एक नाव लक्षात ठेवा: एरवाडी. तामिळनाडूतला दर्गा. तिथे आसपास खासगी आश्रम होते, मानसिक रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवायचे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एकाला आग लागली. बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीला कुठल्याही रूपात मनाई आहे. उलट गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याला, मीरादातारच्या दर्ग्यावर 'दवा-दुआ' चालतं. मुजावरच आजारी माणसाला तिथल्या डॉक्टरकडे धाडतात. महाराष्ट्रातून तिथे ढीगभर लोक जातात. आमची बाटलीची युक्ती निघाली तीही अशाच गप्पांतून.

बंद खोली नाही. एकट्या बाईजवळ एकटा पुरुष नाही, उलटही नाही. अंगाला हात लावायचा तर आधी विचारून, तोही मनगटापर्यंत. हाजिरीचे व्हिडिओ नाहीत. कुणी मोबाइल काढला तर आमच्या काकू हातातली मलिद्याची परात थेट कॅमेऱ्यापुढे धरतात.

जबाबदारी हातात आली की

चार-पाच वर्षं टिकलात तर एक दिवस कुणीतरी म्हणेल, आता तुम्ही बघा. माझ्याकडे असंच आलं. आधीच्या आपांचे डोळे गेले आणि त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. तेव्हा मला वाटलं होतं की आता दुआ मोठी होणार. झालं काय, तर पाळ्या लावणं, भांडणं मिटवणं आणि पेटी.

पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन घरांत. उघडताना तिघं हजर, रक्कम मोठ्याने बोलायची, तिथेच लिहायची. खिदमतगाराच्या हातात कुणी नोट ठेवली तर त्याच्यादेखत पेटीत. जुन्या चिश्ती पंथाच्या सूफींमध्ये न मागता आलेल्या नजराण्याला फुतूह म्हणत, आणि तो साठवायचा नाही, वाटून टाकायचा अशी शिकवण होती. आम्ही ते बसभाड्यावर घालतो. दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि नागपूरला जायला पैसे नसले तर चिठ्ठीला अर्थ नाही.

पाळीत प्रत्येक वेळी दोघं, एक जुनं एक नवं. महिन्यातून एकदा सगळे बसतो आणि मी पेशंट होते. पदर तोंडावर घेऊन मी म्हणते, "माझ्या जावेने केलंय, तुम्ही नाव सांगा नाही तर विहिरीत उडी घेते." नवी मुलगी घाबरून काहीतरी कबूल करून बसते, बाकीचे हसतात, मग पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतं. डॉक्टरांशी ओळख तुम्ही स्वतः जाऊन करायची असते. मी ओपीडीत पहिल्यांदा गेले तेव्हा एका तरुण डॉक्टरने विचारलं, "म्हणजे तुम्ही भूत उतरवता?" म्हटलं, "नाही, बसमधून पेशंट उतरवते." आता त्याचा फोन येतो, तुमच्या गावचा अमुक तारखेला आला नाही, बघा.

कुणाला पुढे आणायचं हे भाषणावरून ठरवू नका. उरुसाच्या दुसऱ्या दिवशी, गर्दी गेल्यावर, पत्रावळी उचलायला कोण थांबतं ते बघा. आणि जो पहिल्याच वर्षी तावीज लिहायची इजाजत मागतो त्याला लांब ठेवा, कितीही गोड बोलत असला तरी.

माझं वय झालं, चटईवरून उठताना आता मलाच ती प्लास्टिकची खुर्ची लागते. येत्या मोहरमनंतर वही आमच्यातल्या त्या घड्याळवाल्या मुलीकडे जाईल. आशा वर्कर आहे, बैअत नाही, दम करत नाही, त्यासाठी मुजावरांची भावजय शेजारी बसेल. काही जणांना हे रुचलेलं नाही. दोन महिने बोलणं चाललं, शेवटी मुतवल्लींनी विचारलं, "पाचवा रकाना कोण न चुकता भरतं?" आणि विषय संपला.

तुम्हाला यायचं असेल तर जुम्मेरातीला असरच्या अर्धा तास आधी या. बसस्टॉपवर कुणालाही विचारा, आपाचा दर्गा म्हणून सांगतील, मला ते आवडत नाही पण सांगतील. झाडू दाराच्या डाव्या हाताला टेकवलेला असतो.